सार्वजनिक वायफाय आणि मेलचा पसारा : नागपूरकरांचे अनुभव

बर्डीवरच्या कॅफेत बसा, स्टेशनवर थांबा की विमानतळावर, फुकटचं वायफाय आता मिळतंच. त्यावर मेल उघडायची म्हटली की मात्र ज्याचे त्याचे नियम. थंडरबर्ड-आउटलुकसारखे मेलचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आणि फिरतीवरच्या मंडळींनी आपण नेमकं काय करतो ते लिहा. ‘सावध राहा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

फिरस्ता एमआर
औषधांच्या कामात वर्धा-अमरावती चालूच असतं. नागपूर स्टेशनवर रेलवायर, म्हणजे रेल्वेचं वायफाय, लावतो: मोबाइल नंबर, ओटीपी, आणि दिवसाची पहिली 30 मिनिटं फुकट. आधी ब्राउझरमध्ये लॉगिन, मग मेल. थंडरबर्ड आधीच उघडं असलं तर अशा नेटवर कधी कधी सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा येतो. तिथे ‘अपवाद मान्य’ करायचं नाही. रद्द करून लॉगिन पुरं करायचं. लॉगिनचं पानच येत नसेल तर व्हीपीएन (नेटवरची सगळी ये-जा कुलूपबंद करून नेणारा प्रोग्रॅम) तेवढ्यापुरता बंद करा आणि एचटीटीपीएस, म्हणजे साइटचं स्वतःचं कुलूप, नसलेली एखादी साधी साइट उघडा. एचटीटीपीएसच्या साइटवर वायफायवाल्याला स्वतःचं पान घुसवता येत नाही, म्हणून ते अडकतं. लॉगिन झालं की व्हीपीएन परत चालू.

इतवारीची अकाउंटंट
आमच्याकडे वायफायचं सोडा, प्रोग्रॅमचंच दुखणं मोठं. दुकानांचे हिशेब बघते, त्यामुळे हे ठरलेलं: “ताई, पार्टीचे बिलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिसून राहिले, मोबाइलवर काहीच नाही. काहून?” बघावं तर मेलच्या सेटिंगमध्ये पॉप लावलेलं. ते पत्रं उतरवून घेतं आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण नसेल तर तिकडून पुसून टाकतं. मी त्याऐवजी आयमॅप लावून देते. पण शेटजींना आधीच बजावते, की आता मोबाइलवर पुसलेलं दुकानातही पुसलं जाईल. आयमॅपमध्ये सगळीकडे एकच पेटी असते, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. जुन्या वर्षांची बिलं मी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवते आणि त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. हलवलं की सर्व्हरवर ते राहत नाही, म्हणून ती प्रत हवीच.

जीमेल भरली अशी ओरड झाली की आधी मोठ्या जोडण्या (अटॅचमेंट) शोधायच्या. शोधपट्टीच्या कडेच्या चिन्हावर गेलं की आकारमान टाकता येतं. 10 एमबीच्या वरचं मागवा. फुकटचे 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसकट असतात, त्यामुळे नुसती मेल साफ करून कधी कधी काही फरक पडत नाही. थंडरबर्डमध्ये पुसलेली पत्रं ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत डिस्कवरची जागा सोडत नाहीत, हे आणखी एक.

मिहानवाला
हॉटेलच्या नेटवर मेल येते पण जात नाही? मेलच्या सेटिंगमध्ये पाठवण्याचा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) 25 असेल, तो बऱ्याच ठिकाणी अडवतात. 587 किंवा 465 टाका. झालं.

रामदासपेठचे काका
कॅफेत शेजारचा माणूस आपली पत्रं वाचतो, ही भीती मला जुनी वाटते. आयमॅप 993 पोर्टवर, म्हणजे टीएलएसचं कुलूप लावून असेल, तर त्याला फार तर आपण कुठल्या सर्व्हरशी बोलतो ते कळेल, पत्र नाही. माझी धास्ती निराळी आहे. कॅफेच्याच नावाचं दुसरं नेटवर्क कोणीही उभं करू शकतं. म्हणून काउंटरवरच्या पोराला नाव विचारतो, आणि फोनमधलं ‘आपोआप जोडा’ बंद ठेवतो. वायफायच्या पानाने ईमेलचा पासवर्ड मागितला की मी कॉफी संपवून उठतो. बँकेचं काम मोबाइलच्या डेटावर.

इतवारीची अकाउंटंट
काका, पटलं. दुकानातल्या जुन्या आउटलुकमध्ये गूगलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, तिथे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. नव्या थंडरबर्डला त्याची गरज नाही, ते ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन करून घेतं.

धरमपेठची विद्यार्थिनी
लायब्ररीच्या वायफायवर माझ्या लॅपटॉपचे फोल्डर दुसऱ्याला दिसतात का?

मिहानवाला
दिसू नयेत म्हणून विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जा आणि ‘पब्लिक’ निवड. ‘प्रायव्हेट’ फक्त घरच्या नेटला. सेमिस्टर संपलं की ते नेटवर्क यादीतून काढून टाक.