चर्चा धागा: लग्न खरं आहे का ते जरूर तपासा, पण त्याला पगाराची अट कशाला?

मिडलँड्सकर (धागाकर्ता):

मी मूळचा साताऱ्याचा, आता ब्रिटिश नागरिक. बायको थायलंडमधल्या खोन केनची. सव्वा वर्षापूर्वी तिच्या गावच्या अम्फोत, म्हणजे आपल्याकडच्या तालुका कचेरीसारख्या ठिकाणी, लग्नाची नोंद केली. त्याआधी बँकॉकच्या ब्रिटिश दूतावासात मी लग्नाला मोकळा असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याचा थाई अनुवाद आणि त्यावर थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का. मग खो रो २ आणि खो रो ३ हे लग्नाच्या नोंदीचे दोन दस्त हातात पडले. या हेलपाट्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नवरामुलगा आधीच लग्न झालेला नाही ना, हे बघायलाच हवं.

तक्रार पुढची आहे. बायकोला ब्रिटनमध्ये आणायचं तर माझी वार्षिक कमाई किमान २९,००० पौंड हवी. २०१२ च्या जुलैत ही अट १८,६०० वर सुरू झाली आणि ११ एप्रिल २०२४ ला एकदम २९,००० झाली. मी गोदामात पूर्णवेळ काम करतो, ओव्हरटाइम धरून २६,००० च्या आसपास मिळतात. २०२५-२६ चा किमान वेतनाचा दर ताशी १२.२१ पौंड. आठवड्याला साडेसदतीस तास वर्षभर राबलं तर साधारण २३,८०० होतात. म्हणजे जी मजुरी सरकारच कायदेशीर ठरवतं, तिच्यावर जगणाऱ्याला स्वतःच्या बायकोसोबत राहता येत नाही. ती तिकडे शाळेत शिकवते, पण तिथला पगार पहिल्या अर्जात धरत नाहीत. भाऊ हमी द्यायला तयार आहे, तीही सहसा चालत नाही. नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात हवेत. एवढे असते तर मी गोदामात कशाला असतो?

आमचे फोटो, चॅट, विमानाची तिकिटं, मी तिच्या घरी पाठवलेले पैसे, सगळं उलगडून बघा. नातं खरं आहे का, हे विचारायचा सरकारला हक्क आहे. पगारावरून मात्र ते कळत नाही.

लीड्सची लेखनिक:

असहमत. दादा, तुमची तगमग समजते, पण २०१२ च्या आधी काय होतं तेही बघा. तेव्हा आकडा नव्हता, 'पुरेसं उत्पन्न' असा मोघम शब्द होता, आणि पुरेसं म्हणजे किती हे बरंचसं अर्ज तपासणाऱ्यावर. एकाला एका पगारावर होकार, दुसऱ्याला त्याच पगारावर नकार. आकडा कठोर असेल, पण तो आधी माहीत असतो, त्याच्या दिशेने तयारी करता येते. किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर आहे, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये सांगितलं.

आणखी एक. नवी आलेली बायको सुरुवातीची वर्षं सरकारी भत्त्यांना हात लावू शकत नाही. भाषा कच्ची, ओळखीपाळखी नाहीत, नोकरी लागायला वेळ. अशात नवऱ्याचा एकट्याचा पगार तोकडा असेल तर हाल तिचेच होतात. कामाच्या निमित्ताने अशी दोन घरं मी जवळून पाहिली आहेत. खर्चाला पैसे नाहीत म्हणून क्लास नाही, क्लास नाही म्हणून भाषा नाही, आणि ती चार भिंतींत. अट तिच्यासाठीही आहे.

मिडलँड्सकर:

ताई, त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की नियम आणि अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना मुलांच्या हिताचा पुरेसा विचार करत नाहीत. तो अर्धा भाग आपण सोडून देतो. आकडा सगळ्यांना सारखा म्हणता, पण २९,००० लंडनच्या ऑफिसात आणि वेल्सच्या खेड्यात सारखे आहेत का? आणि ती आली की दुसऱ्या दिवसापासून काम करू शकते, व्हिसात तशी मुभाच आहे. दोन पगार झाले तर घर चालतं. तिचे हाल आज होताहेत, रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर.

चिआंग माईची सून:

मी ब्रिटिश पासपोर्टवाली, माहेर ठाण्याचं, नवरा थाई. बोलते कारण इथली बाजू कोणीच मांडली नाही. थायलंडमध्ये थाई बायकोसोबत राहणाऱ्या परदेशी नवऱ्याला दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी थाई बँकेत ४,००,००० बात (थाई चलन) किंवा महिना ४०,००० बात उत्पन्न, शिवाय १,९०० बात फी. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा. घरात बाहेरून कोणी परदेशी राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत टीएम ३० हा नोंदणीचा फॉर्म भरायचा. जमीन बायकोच्या नावावर घ्यायची तर पैसा तिचा स्वतःचा आहे, असं दोघांनी लिहून द्यायचं.

मला यातली पैशाची अट लागली नाही, कारण मी बायको आहे. थाई पुरुषाच्या परदेशी बायकोला राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम ९ खाली थेट नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. थाई बाईच्या परदेशी नवऱ्याला मात्र नोकरी, परवाना, कर भरल्याचे दाखले गोळा करत वेगळ्या, लांबच्या वाटेने जावं लागतं. म्हणजे कमावतो तो पुरुष, बाई नवऱ्यामागे येते, हेच गृहीत. फायदा मला झाला, तरी मला हे मान्य नाही. २३ जानेवारी २०२५ पासून इथे समलिंगी विवाहही कायदेशीर आहे. दोन पुरुषांच्या संसारात कोणाला नवरा मानून पैसे मागणार?

तेव्हा मिडलँड्सकर, ब्रिटनचा जाच मोठा खरा, पण तो संपतो. पाच वर्षांनी कायम वास्तव्य, मग लगेच नागरिकत्वाचा अर्ज. माझ्या शेजारचे यॉर्कशरचे काका सतरा वर्षं दर वर्षी नव्याने पाहुणे होतात.

हुआ हिनकर:

मी त्या काकांच्याच पंक्तीतला. तरी सूनबाईंशी सहमत नाही. ४,००,००० बात माझ्याच खात्यात राहतात, व्याजही माझंच. २०१८ अखेरपर्यंत ब्रिटिश दूतावास उत्पन्नाचं पत्र द्यायचा, तेव्हा आणखी सोपं होतं. आता दर महिन्याला बाहेरून पैसे आल्याचं बँकेच्या नोंदींवरून दाखवावं लागतं किंवा ठेव ठेवावी लागते. मी ठेव ठेवली. उलट ब्रिटनला दिलेली फी परत येत नाही. २०२५ च्या दराने पहिला व्हिसा १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५. झाले ५,०४३. अडीच वर्षांनी पुन्हा फी, पुन्हा अधिभार, आणि कायम वास्तव्याला आणखी ३,०२९. दर वर्षी रांगेत उभं राहणं मला परवडतं, हे नसतं परवडलं.

लीड्सची लेखनिक:

फीबद्दल मी हुआ हिनकरांच्या बाजूने. उत्पन्नाची अट मी अजूनही योग्य मानते, पण ज्याने ती पूर्ण केली त्याच्याकडून वर एवढे पैसे घेणं अन्याय आहे.

दोन पासपोर्टची आई:

मुलांचंही बोला. १९९२ च्या दुरुस्तीआधी परदेशी नवरा असलेल्या थाई आईला आपलं नागरिकत्व मुलाला सहसा देताच येत नव्हतं. ब्रिटिश आईचंही परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत १९८३ पर्यंत तेच. आज आमच्या मुलाकडे दोन्ही आहेत. पण तो थायलंडमध्ये जन्मला म्हणून वंशपरंपरेने ब्रिटिश, म्हणजे त्याचं मूलही बाहेर जन्मलं तर त्याला ते आपोआप मिळणार नाही. आणि थाई मुलगा म्हणून एकविसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या सोडतीत चिठ्ठी उचलणं आलं. लाल निघाली तर सैन्यात, काळी निघाली तर सुटका. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, आणि मला आतापासूनच धास्ती वाटते.

मिडलँड्सकर:

सूनबाई, तुमचा मुद्दा मला लागला. मी एकाच सरकारवर चिडलो होतो. पण 'तिकडेही जाच आहे' म्हणून इकडचा कमी होत नाही.

एक मनातलं सांगतो. बायको पुढे ब्रिटिश झाली तरी तिला थाई नागरिकत्व सोडावं लागणार नाही. त्यांच्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम १३ मध्ये सोडायचं असेल तर जाहीर करा, असं आहे. मी ब्रिटिश झालो त्याच दिवशी भारताचा नागरिक उरलो नाही, पासपोर्ट जमा केला, आज ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, साताऱ्याला जातो. लग्नाच्या नोंदीला दोन वर्षं झाली की तिलाही ते कार्ड मागता येईल. आईला सूनमुख अजून फोनवरच दिसलंय.

सप्टेंबरपासून रात्रपाळी घेतली आहे, करारात २९,४०० लिहून मिळाले. एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पे-स्लिपा लागतात, सहावी फेब्रुवारीच्या अखेरीस येईल. व्हिसासाठी लागणारी क्षयाची तपासणी तिने आत्ताच करून टाकावी का?

चिआंग माईची सून:

आत्ता नको. तो दाखला सहाच महिने चालतो. जानेवारीत बँकॉकला जाऊन करू दे, इंग्रजीची ए१ ही प्राथमिक पातळीची परीक्षा मात्र आधी उरकून घ्या. थाई कागदांचे अनुवादही आत्ताच करून ठेवा, आणि नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक कागदावर तिच्या पासपोर्टसारखंच आहे ना, ते तुम्ही स्वतः वाचून बघा.