"दीड लाख झाले की इंजिन खोलू नका, दुसरं टाका" : हा सल्ला मला पटलेला नाही

घाटमाथा_सातारा :
परवाच्या पोस्टला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वॅगन-आर 2012 ची, 998 सीसी के-सिरीज, 1 लाख 70 हजार किलोमीटर झालेत, ऑइल पितेय (म्हणजे ऑइल जळून कमी होतंय). तर पोस्टवाल्यांचा सल्ला असा की इंजिन खोलायच्या भानगडीत पडू नका, जुन्या बाजारातून 25-30 हजारात चालू इंजिन आणा, दोन दिवसात गाडी रस्त्यावर, इंजिन बांधून घेणारे लोक निव्वळ भावनेपोटी पैसे घालवतात.

अहो पण आधी आजार काय ते तरी बघा ना! ऑइल पितेय म्हणजे पिस्टनच्या रिंगाच गेल्या असं कोणी सांगितलं? सकाळी स्टार्टला भसकन निळा धूर येतो आणि मग बंद होतो, किंवा खंबाटकी घाट उतरताना गिअरवर सोडून खाली आल्यावर पाय दिला की धूर निघतो, तर तो बहुतेक वेळा व्हॉल्व सीलचा (व्हॉल्वच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबराचा) धूर असतो, त्याला इंजिन उतरवायचीसुद्धा गरज नाही. चढावर लोडला सतत धूर, ऑइलचं झाकण उघडलं की फुसफुस, तेव्हा रिंगांचा संशय घ्यायचा. आणि तेही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून. गेज लावा, आकडे लिहा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं भोक), नाही चढला तर व्हॉल्व नाहीतर हेड पॅकिंग. अर्ध्या तासाचं काम आहे हे. ते न करता तीस हजाराचं इंजिन विकत घ्या म्हणणं हा सल्ला नाही, दुकानदारी आहे.

दुसरं म्हणजे बाजारातलं ते "चालू" इंजिन किती चाललंय हे कुठे लिहिलेलं असतं? मीटर डॅशबोर्डात असतो, इंजिनात नाही. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या, त्यातलं एखादं इंजिन पुसूनबिसून तुमच्या नशिबी आलं तर कोणाला विचारणार? पाणी आत ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड केसभर वाकतो, इंजिन सुरू होतं, चालतंही, आणि मग एक दिवस हायवेला सोडतं.

ठाण्याचा_टोल :
ती पोस्ट माझी आहे त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. दुकानदारी वगैरे शब्द जरा जपून वापरा साहेब, माझं कुठलंही दुकान नाही, मी नोकरी करतो आणि घोडबंदर रोडने रोज जातो.

मी जे लिहिलं ते भोगून लिहिलंय. आधीच्या गाडीचं इंजिन बांधून घेतलं होतं, ओळखीचा मेकॅनिक, 45 हजार सांगून 62 पर्यंत गेलं कारण उघडल्यावर रोज नवीन काम निघायचं, आज क्रँक ग्राइंड करायला लागेल, उद्या हेडला गाइड बसवायला लागतील, परवा ऑइल पंप. गाडी महिनाभर गॅरेजला पडून, मी रिक्षाने फिरतोय. आणि एवढं करून वर्षाच्या आत परत धूर! मेकॅनिक म्हणतो लेथवाल्याची (ब्लॉक-क्रँकचं मशीनकाम करणाऱ्याची) चूक, लेथवाला म्हणतो रिंगा डुप्लिकेट, स्पेअरपार्टवाला म्हणतो फिटिंग चुकलं. मी कोणाच्या दारात जायचं? बाजारातल्या इंजिनाला निदान एकच माणूस जबाबदार असतो. समोर चालू करून दाखवतो, गेज लावू देतो, पंधरा दिवसांची बदलून देण्याची बोली असते. ही गॅरंटी थोडी आहे हे मान्य, पण तुमच्या लेथवाल्याकडे तेवढीही नसते.

आणि हिशोब बघा ना. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, नवीन गाड्याच उतरल्या, तर 2012 च्या वॅगन-आरला आता कोण काय देणार? वर 2027 ला पंधरा वर्षं भरणार, पासिंगची (आरसी वाढवून घ्यायची) फी 2022 च्या एप्रिलपासून 600 ची 5000 झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. अशा गाडीवर 50-60 हजार घालायला सांगणं हाच मुळात चुकीचा सल्ला.

बोअरिंग_मिरज :
लेथवाल्यांना शिव्या बसतायत म्हणून लिहितो, आमचा धंदाच हा आहे, वडिलांपासून.

इंजिन बांधल्यावर वर्षात परत धूर का येतो ते ऐका. बोअर (सिलिंडर कापून मोठा करणं) आणि होनिंग (आतली बाजू दगडाने घासणं) झालं की सिलिंडरच्या अंगाला दगडाची बारीक पूड चिकटलेली असते, ती रॉकेल-पेट्रोलने जात नाही, गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने घासायला लागतं, पांढरं फडकं फिरवलं आणि ते पांढरंच निघालं तर धुतलं म्हणायचं. दहातले किती मेकॅनिक हे करतात? ब्लॉक हवेने फुंकतात आणि पिस्टन टाकतात, मग ती पूड नव्या रिंगा खाते. रिंग बोअरमध्ये टाकून गॅप फिलरने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजायचा असतो, ते तर कोणी करतच नाही. रेडिएटर चोक झालेला तसाच, म्हणजे ज्या गरमीने पहिलं इंजिन गेलं तीच गरमी दुसऱ्याला. नाव मात्र आमचं खराब.

आणि गिऱ्हाईक पण कमी नाही. ब्रँडेड रिंगसेटचा भाव सांगितला की म्हणणार त्यातलं स्वस्तातलं काय आहे. मग रडायचं नाही.

वॅगन-आरच्या या इंजिनाबद्दल एक सांगतो, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत बिडाच्या स्लीव्हा (नळ्या). बोअर 73 मिमी. ही जुन्या मारुती 800 सारखी पुन्हापुन्हा बोअर करायची वस्तू नाही. आणि ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचा) पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करूच नका, पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर होतो. आधी बोअर मारून मग बाजारात पिस्टन शोधत फिरणारे रोज येतात माझ्याकडे.

नगररोड_वैतागलेला :
सगळे रिंगा आणि लेथवर बोलताय, पण मूळ कारण कोणीच बोलत नाही. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल!! 2012 ची गाडी ई-20 साठी बनलेलीच नाही, ई-20 ला चालतील अशा गाड्या 2023 च्या एप्रिलपासून आल्या, आणि आता बहुतेक पंपांवर दुसरं साधं पेट्रोलच मिळत नाही. इथेनॉलमध्ये उष्णताच पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे की जुन्या चारचाकींचं मायलेज 6-7 टक्के पडणार. माझ्या गाडीचे फ्युएल पाइप कडक होऊन चिरले, पंप गेला. इंजिन बांधा नाहीतर बदला, टाकीत तेच जाणार असेल तर काय उपयोग? साखर कारखानदारांची घरं भरायला आमच्या गाड्यांची वाट लावली.

शिरोळचा_ऊस :
कारखानदारांची घरं म्हणे. भावा, घर आमचं चालतंय त्यावर. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची हा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे, पण साखर गोडाऊनला पडून राहिली की कारखाना कुठून देणार, आंदोलनं करून दमलो आम्ही. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून लवकर येतो म्हणून डिस्टिलरी असलेले कारखाने वेळेवर बिलं काढायला लागले. आणि 7 डिसेंबर 2023 ला सरकारने एका आदेशात उसाच्या रसाचं इथेनॉल बंद केलं तेव्हा तुम्हाला आनंद झाला असेल, आमच्याकडे कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केलेले कारखाने हबकले होते. एक पाइप चिरला म्हणून शेतकऱ्याच्या पोटावर येऊ नका.

मांजराकाठ :
शेतकरी शेतकरी म्हणून सगळ्यांच्या वतीने बोलू नका. मी पण शेतकरी आहे, लातूरचा. 2016 ला तुमच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा होत्या, आणि त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता! पाणी उसाला, ऊस इथेनॉलला, इथेनॉल गाडीला, आणि प्यायला टँकर. एफआरपी तुम्हाला मिळते, सोयाबीनला हमीभाव कोण देतं? आणि इथेनॉल म्हणजे ऊस हे पण आता पूर्ण खरं नाही, सध्या इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय, त्यामुळे ई-20 म्हणजे ऊस शेतकऱ्याचं कल्याण हे गाणं बंद करा.

शिरोळचा_ऊस :
रेल्वेतलं पाणी आमच्या कृष्णेचं होतं, ते आम्ही खुशीने दिलं, त्याचे उपकार कधी काढले नाहीत. आणि तुम्ही आज आम्हालाच आरोपी करता? सोयाबीनला भाव मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल कुठल्याही मोर्चाला येतो. पण आमचा ऊस बंद करून तुमच्या सोयाबीनला भाव येणार आहे का ते सांगा आधी.

मांजराकाठ :
येणार नाही. तेवढं मान्य. पाण्याचं मात्र मान्य नाही आणि कधीच होणार नाही.

घाटमाथा_सातारा :
मंडळी, पाणी आणि ऊस हा जिव्हाळ्याचा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी स्वतः येतो तिथे भांडायला. इथे फक्त ई-20 चं इंजिनापुरतं बोलतो.

नगररोड भाऊ, मायलेजचं तुमचं बरोबर आहे. रबराचे पाइप, ओ-रिंगा, पंप, यांचंही बरोबर, जुन्या गाडीत ते बदलूनच घ्यावेत, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पाण्याचा त्रास होतो कारण इथेनॉल पाणी ओढतं. सरकारने जुन्या गाड्यांसाठी पंपावर वेगळं पेट्रोल ठेवायला हवं होतं, यात मी तुमच्या बाजूने आहे. पण बोअर झिजणं वेगळं. ज्या गाडीबद्दल हा वाद चाललाय ती पोस्टमध्येच लिहिल्याप्रमाणे 2021 पासून ऑइल पितेय. ई-20 चं उद्घाटन 2023 च्या फेब्रुवारीतलं. मग ई-20 ने ती कशी झिजवली?

नगररोड_वैतागलेला :
ठीक आहे, त्या गाडीची ई-20 ने नसेल झिजवली. माझी झिजतेय. दोन लिटर ऑइल मी पण घालतोय सर्व्हिसच्या मधे.

बोअरिंग_मिरज :
एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला ते सांगा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बोअर खाणारी दोनच कारणं जास्त दिसतात, धूळ आणि उशिरा बदललेलं ऑइल. उसाच्या ट्रॅक्टरमागून धुरळा खात जाणाऱ्या गाड्या आणि फिल्टर झटकून परत लावणारे लोक.

ठाण्याचा_टोल :
माझ्या मुद्द्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. महिनाभर गाडी बंद ठेवणं कोणाला परवडतं?

चिपळूण_नाइट_ड्युटी :
मी हा सगळा धागा वाचतेय कारण माझ्याकडे हीच गाडी आहे, 2013 ची, 1 लाख 80 हजार. मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, रात्रपाळीला दुसरं वाहन मिळत नाही. त्यामुळे ठाण्याच्या दादांचं मला पटतं, गाडी महिनाभर ठेवणं मला शक्यच नाही. पण पुराच्या इंजिनाचं वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडे 2021 च्या जुलैत काय झालं ते मी बघितलंय, आमच्या गल्लीतल्या बुडालेल्या गाड्या कोण कोण घेऊन गेलं देव जाणे.

वरचं वाचून काल मेकॅनिककडून गेज लावून घेतलं. पहिलं सिलिंडर 185, दुसरं 180, तिसरं 120. ऑइल टाकल्यावर तिसरं 165. आता काय करू?

घाटमाथा_सातारा :
ताई, तिसऱ्याचा आकडा ऑइलने चढला म्हणजे त्याच सिलिंडरच्या रिंगा किंवा बोअर. रिंग तुटलेली किंवा कार्बनने चिकटलेलीही असू शकते. सरसकट इंजिन गेलेलं नाही हे नक्की, बाकी दोन चांगले आहेत. यासाठी बाजारातून अख्खं अनोळखी इंजिन आणू नका.

ठाण्याचा_टोल :
आकडे बघून मलाही ताईंना इंजिन बदला म्हणवत नाही. गेज आधी लावा हे तुमचं म्हणणं मी घेतो, पोस्टमध्ये तशी ओळ घालतो. पण ताई, उघडल्यावर बोअरला खोल ओरखडे निघाले, स्लीव्ह मारायची वेळ आली आणि क्रँकपण गेलेली असली, तर तिथेच थांबा. त्या वेळी खर्चाला अंत नसतो, आणि तेव्हा इंजिन बदलणंच शहाणपणाचं, यावरून मी हलणार नाही.

घाटमाथा_सातारा :
तसं निघालं तर मीही विरोध करणार नाही. फक्त तेव्हा ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स आणि पक्कं बिल घ्या, आणि आरटीओला कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. नंबर जुळला नाही की अपघाताच्या वेळी विमावाल्यांना आयतं कारण मिळतं, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांचं वेगळंच. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

ठाण्याचा_टोल :
हे मी माझ्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं असं म्हणायचंय ना तुम्हाला. लिहितो.

बोअरिंग_मिरज :
ताई, महिना लागतो तो मेकॅनिक एका वेळी पाच इंजिनं उघडून ठेवतो म्हणून. आधी सुट्टी ठरवा, रिंगसेट, बेअरिंग, पॅकिंग सेट, व्हॉल्व सील, ऑइल फिल्टर सगळं आणून ठेवा, मगच इंजिन उतरवू द्या. लेथवाल्याला आधी फोन करून दिवस बांधून घ्या. असं केलं तर आठवड्यात गाडी उभी राहते, आमच्याकडे राहतात. पिस्टन मात्र बोअर मोजल्याशिवाय आणू नका. ब्लॉक उघडला की तिन्ही बोअर वर, मधे, खाली, आडवं-उभं दोन्हीकडून मोजून कागदावर लिहून मागा, आणि तो कागद स्वतःकडे ठेवा. मापात असेल तर नुसतं होनिंग आणि रिंगा. कोणी न मोजता "बोअर करायलाच लागेल" म्हणाला तर ब्लॉक उचला आणि दुसरीकडे न्या. चिपळूणहून कुंभार्ली चढून कराडमार्गे मिरजेला आणलात तरी चालेल.