'स्पंद', 'स्पंदन' की 'लहरी'?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं मराठी करतेय. विषय : इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्सचा प्राण्यांच्या मेंदूवर आणि वागण्यावर होणारा परिणाम. 'विद्युतचुंबकीय लहरी' लिहिलं तर चालेल ना? लेखात मेंदूशास्त्रज्ञ होसे डेलगादो यांच्या बैलाचा प्रयोगही आहे.

प्रतिसाद : लहरी नको. लहरी येत राहतात, पल्स क्षणात येऊन विरतो. त्याला 'स्पंद' म्हणा. 'स्पंदन' म्हटलं की हृदयाची एका लयीत चालणारी धडधड डोळ्यांसमोर येते. ओळीने सोडलेल्या स्पंदांना 'स्पंदमालिका' म्हणता येईल.

प्रतिसाद : पण बैलाला 'स्पंद' हा शब्द लावू नका, कळकळीची विनंती. १९६३ साली स्पेनमध्ये कोर्दोबाजवळ डेलगादोंनी अंगावर धावून येणारा बैल ट्रान्समीटरचं बटण दाबून थांबवला, हे खरं. मात्र बैलाच्या मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणाऱ्या बारीक तारा, आधीच बसवलेले होते. रेडिओलहरींनी फक्त निरोप पोचवला. मेंदू चाळवला तो इलेक्ट्रोडमधून गेलेल्या विजेने. हे 'विद्युत उद्दीपन'. 'लहरींनी बैल थांबवला' असं छापलं की दुरून कुणाचाही मेंदू ताब्यात घेता येतो, अशी भीती वाचकाच्या मनात बसते. बैलाचा राग शमला की नुसतं अंग वळलं, यावरही शास्त्रज्ञांत वाद झाला. त्यामुळे 'आक्रमकता नाहीशी झाली' न लिहिता 'बैल थांबला' एवढंच लिहा.

प्रतिसाद : स्पंदाचं चपखल उदाहरण माणसावरचं आहे. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) धरून चुंबकीय स्पंद सोडला. टक् असा आवाज होतो आणि हाताचं बोट आपसूक उडतं. स्पंद मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळाचा, पण चुंबकक्षेत्र झपाट्याने बदलतं म्हणून मेंदूत वीज उत्पन्न होते. हा फॅरडेचा १८३१ चा नियम. तेवढंच जोरदार पण स्थिर क्षेत्र असतं, तर बोट हललं नसतं.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखणाऱ्या रॉबिन पक्ष्यांचा प्रयोगही लेखात आहे, त्याचं काय? तिथेही स्पंदच ना?

प्रतिसाद : नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या त्या संशोधनात (२०१४) शहरातल्या विजेच्या उपकरणांमधून येणारा, साधारण ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झचा क्षीण 'विद्युतचुंबकीय गोंगाट' होता. त्यात पक्ष्यांना चुंबकीय दिशा सापडेना. लाकडी खोपटांना आतून लावलेले अॅल्युमिनियमचे पत्रे जमिनीला अर्थिंग करून जोडल्यावर सापडली. 'रेडिएशन'साठी 'किरणोत्सर्ग' मात्र कुठेच लिहू नका, तो अणुविज्ञानातला शब्द.