सुट्या पानांचा चहा घरी नीट चाखायचा कसा?

दांडियाबाजारकरीण

सर्वांना नमस्कार. वडोदऱ्यात आमची ही चौथी पिढी असून चहाच्या बाबतीत आमचे घर केव्हाच गुजराती झालेले आहे. दूध, साखर, आले आणि खंडेराव मार्केटमधून आणलेला फुदिना व गवती चहा हे सारे दाणेदार पत्तीसोबत खळखळून उकळले की त्याला आम्ही चहा म्हणतो. गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या जाऊबाईंनी "ग्रीन टी आहे का?" असे विचारले, तेव्हा सासूबाईंनी तत्परतेने गवती चहाची जुडी त्यांच्यापुढे ठेवली, कारण गुजरातीत त्या गवताला 'लीली चा', म्हणजे शब्दशः हिरवा चहा, असेच म्हणतात. त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. पण परत गेल्यावर जाऊबाईंनी पाच पाकिटे पाठवून दिली: दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, निलगिरीचा काळा चहा, कांगड्याचा हिरवा चहा, हिबिस्कस आणि कॅमोमाइल.

पाचही चहा मी माझ्या सवयीप्रमाणे केले, म्हणजे पातेल्यात टाकून पाच-पाच मिनिटे उकळले. दार्जिलिंग इतका तुरट झाला की जीभ टाळ्याला चिकटली. हिरव्या चहाला पालक उकळल्यासारखा वास आला. हिबिस्कस करताना हात नकळत दुधाकडे गेला आणि दूध तत्काळ नासले. कॅमोमाइल पाहून आमच्या ह्यांनी "आज कोणाला ताप आला आहे?" अशी चौकशी केली.

पाकिटांची किंमत पाहता ती कामवाल्या मावशींना देऊन टाकण्याचेही धैर्य होत नाही, आणि त्या घेतील असेही वाटत नाही. तेव्हा हे चहा करायचे कसे आणि चाखायचे कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. लोक त्यांत फुलांचा, मधाचा, द्राक्षांचा गंध येतो असे लिहितात. मला कडूपणाखेरीज काहीच कळले नाही. हा दोष माझ्या जिभेचा की कृतीचा?

सिलिगुडी ते सयाजीगंज

ताई, दोष जिभेचा मुळीच नाही. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे सिलिगुडीत काढली आणि तेथील चहाच्या व्यापारातल्या मंडळींबरोबर बसून थोडेफार शिकलो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या घरची दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची असते. आसामात १९३० च्या दशकात सुरू झालेल्या या पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि वळवली जातात. पान इतके बारीक झाल्यामुळे रंग आणि कडकपणा पाण्यात झटकन उतरतो, आणि दुधातील केसिन हे प्रथिन त्यातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवते. म्हणून आपला चहा कितीही उकळला तरी तोंडाला कोरड पडत नाही. ऑर्थोडॉक्स पद्धतीच्या चहात मात्र पान बहुतांशी सबंध राहते आणि गरम पाण्यात ते हळूहळू उलगडते. त्याला उकळले, तर सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि तुरटपणा तेवढा पातेल्यात उरतो. तुमच्याकडे नेमके हेच झाले.

काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात, हेही लक्षात असू द्यावे. सफरचंदाची फोड हवेत ठेवली की काळवंडते, तसेच काहीसे वळलेल्या पानाचे होते. ते पुरते होऊ दिले की काळा चहा, मध्येच थांबवले की ऊलाँग, आणि तोडल्यानंतर लवकरच पानाला वाफ किंवा धग देऊन ते होऊच दिले नाही की हिरवा चहा. हिरव्या चहाचे पान कोवळ्या भाजीच्या अधिक जवळ असते, त्यामुळे उकळल्यावर त्याला पालकाचा वास येणे अगदी स्वाभाविक आहे.

आता कृती. पाण्याचे आधण येऊ द्यावे आणि मग ते चहाच्या जातीप्रमाणे निववावे. निलगिरीसाठी निववण्याची गरज नाही, फर्स्ट फ्लशसाठी ८५ ते ९० अंश आणि हिरव्यासाठी ७५ ते ८० अंश पुरेत. दार्जिलिंग गाव सुमारे २,००० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तेथील लोकांना फारशी खटपट करावी लागत नाही. आपल्या वडोदऱ्यात ते जवळजवळ पुऱ्या १०० अंशांवर उकळते. थर्मामीटर नसेल तर आधणाचे पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतावे. दर खेपेला साधारण आठ-दहा अंश उतरतात. प्रमाण २०० मिलिलिटर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम इतके ठेवावे. चमच्यावर विसंबू नये, कारण लांब पानांनी भरलेला चमचा वजनाला दाणेदार पत्तीच्या चमच्यापेक्षा पुष्कळच हलका भरतो. झाकण ठेवून हिरवा दोन मिनिटे, फर्स्ट फ्लश तीन मिनिटे आणि निलगिरी तीन ते चार मिनिटे मुरू द्यावा, आणि मग चहा पूर्णपणे गाळून घ्यावा. किटलीतच पाने ठेवून दुसरा कप ओतणारे लोक "हा चहा कडवट निघाला" अशी तक्रार करतात, तेव्हा मला हसू येते.

चाखण्यासाठी व्यापारात एक ठरलेली रीत आहे. आयएसओ ३१०३ या मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घेऊन तो सहा मिनिटे ठेवतात. पण ती कृती नमुन्यांची तुलना करण्यासाठी आणि चहाचे दोष उघडे पाडण्यासाठी आहे, त्यामुळे घरी तिचे अनुकरण करू नये. मात्र त्या लोकांकडून दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. पहिली म्हणजे ते कधीही एकटा चहा चाखत नाहीत. दोन पांढऱ्या कपांत दार्जिलिंग आणि निलगिरी शेजारी शेजारी ठेवून आधी गाळणीतल्या ओल्या पानांचा वास घ्या, मग आलटून पालटून घोट घ्या. एकट्याने मुका असलेला चहा दुसऱ्याच्या शेजारी बोलू लागतो. दुसरी म्हणजे ते आवाज करून फुरका मारतात. घोटाबरोबर हवा आत गेली की गंध घशाच्या मागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातील मोठा भाग हा गंधच असतो. बशीतून भुरके मारणाऱ्या आमच्या आजोबांना आजी चारचौघांत ओरडत असे, पण चहा चाखण्याची रीत त्यांचीच बरोबर होती. आणि वाफाळता चहा चाखू नये. तो कोमट होत आला की बोलतो.

राहिला द्राक्षांचा गंध. तो तुमच्या पाकिटात शोधू नका, कारण तो मे-जूनमधील दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगचा गुण आहे. त्या काळात तुडतुड्यासारखे बारीक कीटक पानांचा रस शोषतात, झुडूप त्यावर उपाय म्हणून पानात काही सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि वर्षातला सर्वांत नावाजलेला चहा त्या किडलेल्या पानांतून निघतो. तुमचा फर्स्ट फ्लश हा साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतच्या पहिल्या तोडीचा. त्याचे पान काळ्या चहाचे म्हणवूनही हिरवट दिसते, कारण वळण्यापूर्वी ते फार सुकवलेले असते. म्हणून ते कच्चे राहिले असे समजू नये. त्यात फुलांचा हलका गंध आणि जिभेच्या कडांना जाणवणारा चटपटीतपणा शोधावा. पुढे कधी विकत घ्यायचा झाल्यास पाकिटावर दार्जिलिंगचे अधिकृत चिन्ह पाहून घ्यावे. भौगोलिक निर्देशांक मिळवणारे ते भारतातील पहिले उत्पादन होय, २००४ साली.

निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु ते पाचांपैकी तीनच पाकिटांना लागू पडते. हिबिस्कस आणि कॅमोमाइल यांत चहाच्या झुडपाचे एकही पान नसते, त्यामुळे कॅफिनही नसते. त्यांना पाणी निववून घालण्याची गरज नाही; उलट सणसणीत आधणच लागते.

हिबिस्कस म्हणजे आपली जास्वंद असा पुष्कळांचा समज असतो. पाकिटातील गडद लाल तुकडे जास्वंदीच्या पाकळ्यांचे नसून लाल अंबाडीचे असतात, आणि तेही पाकळ्यांचे नव्हे, तर फूल गळल्यावर बोंडाभोवती उरणाऱ्या मांसल लाल आवरणाचे. जिची आंबट भाजी आपण भाकरीबरोबर खातो तिचेच हे घराणे, आणि विदर्भात या लाल फुलांचे सरबत करतात. एवढे कळले की दूध का नासले हे वेगळे सांगावे लागत नाही. तुम्ही लिंबू पिळावे तसेच ते झाले. कप पाण्याला एक चमचा तुकडे घेऊन झाकून पाच ते सात मिनिटे ठेवावे, खडीसाखर घालावी, आणि भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. कल्हई उडालेले पितळेचे पातेले या आंबट द्रवासाठी अजिबात वापरू नये.

कॅमोमाइलच्या बाबतीत झाकण हाच सारा मंत्र आहे. त्याचा गंध उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून झाकणाला लागलेले थेंबसुद्धा परत कपात झटकावेत. ग्रीक भाषेतील त्याच्या मूळ नावाचा अर्थ 'जमिनीवरचे सफरचंद' असा आहे, आणि पाच मिनिटांनी झाकण काढल्यावर खरोखरच पिकलेल्या सफरचंदाचा भास होतो. ज्यांना शेवंती किंवा झेंडूच्या फुलांनी शिंका येतात त्यांनी मात्र आधी दोन घोटच घेऊन पाहावेत, कारण ही सारी फुले एकाच कुळातली आहेत.

घरात रक्तदाबाची औषधे चालू असतील तर रोज हिबिस्कस पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठमधाबाबत तर हे आग्रहाने सांगते, कारण त्याच्या नित्य सेवनाने रक्तदाब वाढतो. आपण त्याला घरगुती समजून मूठ-मूठ घालतो.

अंगणात गोकर्णाचा वेल असेल तर त्याची पाच-सहा निळी फुले गरम पाण्यात टाकून पाहावीत. पाणी निळेशार होते, आणि लिंबाचे थेंब पडताच जांभळे. नातवंडे खूश होतात. चवीच्या दृष्टीने ते जवळजवळ पाणीच असते, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे.

एक पाण्याची गोष्ट राहिली. बोअरचे पाणी जड असेल तर चहावर तेलकट दिसणारी साय येते आणि रंग मळकट होतो. दुधाच्या चहात हे लपते, नुसत्या चहात लपत नाही. तेव्हा पिण्याचे गाळलेले पाणीच वापरावे.

कारेलीबागेतला चहाबाज

माझे मत थोडे वेगळे आहे. ताईंनी फुदिना आणि गवती चहा घालून तीस-चाळीस वर्षे जे केले, तेही वनस्पतींच्या चहाचेच चाखणे आहे, त्यात शरमण्यासारखे काही नाही. पत्ती, दूध आणि साखर वगळून नुसत्या गवती चहाच्या पाती कातरून आधणात घालाव्यात आणि झाकण ठेवावे. जी चव आपण रोज पितो ती नुसती कशी लागते, हे मला पन्नाशीत कळले. पाकिटांवर खर्च करण्याआधी हा प्रयोग करावा, आणि शक्य असल्यास कुंडीत गवती चहाचा एक ठोंब लावावा.

दुसरे, आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर गरम चहा चाखायचा उत्साह कोणाला राहतो? त्या दिवसांत लिटरभर थंड पाण्यात दहा ग्रॅम हिरवा चहा किंवा फर्स्ट फ्लश घालून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि सकाळी गाळावी. थंड पाण्यात तुरटपणा फार कमी उतरतो, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी चहा बिघडत नाही. नवशिक्यासाठी याहून सोपी रीत नाही.

दांडियाबाजारकरीण

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, चार पांढरे कप आणि मोबाइलचे घड्याळ घेऊन बसले. दोन ग्रॅम दार्जिलिंगने चमचा शिगोशीग भरला, हे पाहूनच मला माझी पहिली चूक समजली.

निलगिरी आणि दार्जिलिंग शेजारी ठेवल्यावर फरक पहिल्याच फुरक्यात कळला. निलगिरी सरळ, स्वच्छ आणि ओळखीचा वाटला. दार्जिलिंग रंगाने इतका फिका की ह्यांनी तो धुतलेल्या कपाचे पाणी समजून बाजूला सारला होता. पण कोमट झाल्यावर त्यात काहीतरी फुलांसारखे आले, आणि ते गिळल्यानंतरही बराच वेळ राहिले. फूल कोणते ते अजून ठरलेले नाही. मी जाई म्हणते, सासूबाई बकुळीच्या बाजूने आहेत. हिरव्या चहातला पालक नाहीसा झाला आणि मक्याच्या ओल्या कणसासारखा गोडसर वास राहिला. हिबिस्कस खडीसाखर घालून फ्रिजमध्ये ठेवला होता, तो मुलांनी संध्याकाळपर्यंत संपवला. कॅमोमाइलमधले सफरचंद मला सापडले, ह्यांना अद्याप तापच सापडतो.

एकच अडचण आहे. हिरव्या चहाच्या दुसऱ्या कपाला, शपथेवर सांगते, हिंगाचा वास आला. हा माझा भ्रम असेल काय?

सिलिगुडी ते सयाजीगंज

भ्रम नव्हे, ताई. पाकीट मसाल्याच्या फडताळात ठेवले आहे ना? सुकलेले पान भोवतालचा गंध शोषून घेते. मोगऱ्याच्या जातीच्या ताज्या कळ्यांसोबत रात्रभर ठेवून जस्मिन चहा करतात तो याच गुणावर, आणि तुम्ही त्याच रीतीने हिंगाचा केलात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या लहान डब्यात भरून तो वेगळ्या कोरड्या कपाटात ठेवावा. पावसाळ्यात डबा गॅसजवळ उघडू नये, आणि हिरवा चहा सहा महिन्यांत संपवावा.

दांडियाबाजारकरीण

अगदी हिंगाच्या डबीला टेकूनच ठेवले होते. आता उरलेला चहा जाऊबाईंना कळू न देता मठ्ठ्यात घालावा की काय, असा सासूबाईंचा प्रश्न आहे.