वापरलेला भारी हेडफोन घेताना "कंडिशन ९/१०" ला काही अर्थ आहे का?

कानसेन_पुणे

सध्या वापरलेला सेनहायझर एचडी ६५० शोधतोय आणि जाहिराती वाचून वाचून डोकं उठलंय. प्रत्येकाचं एकच, "कंडिशन ९/१०, मिंट, बॉक्स आहे, बिल आहे" (मिंट म्हणजे नव्यासारखा). सोबत पाच-सहा फोटो, बॉक्सचा, बँडचा, केबलचा, कपांचा बाहेरून. ड्रायव्हरबद्दल, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाबद्दल, एक अक्षर नाही. विचारलं की "आवाज एकदम मस्त आहे भाऊ". अरे पण मी पैसे रंगाचे देतोय की ड्रायव्हरचे?

माझं मत सरळ आहे, हा दहापैकीचा आकडा बंदच झाला पाहिजे. एचडी ६०० आला १९९७ मध्ये, ६५० आला २००३ मध्ये, म्हणजे बाजारात वीस वीस वर्षं जुने नग फिरतायत आणि गाडीला असतो तसा किलोमीटरचा काटा हेडफोनला नसतो. त्यात या मालिकेतलं जवळजवळ सगळं हाताने सुटं होतं, पॅड, डोक्यावरची गादी, केबल, बाहेरची जाळी, ड्रायव्हरचं कॅप्सूलसुद्धा. जे बदलता येतं त्यावर ओरखडा असला काय नसला काय. बघायचं ते एवढंच की डावा आणि उजवा ड्रायव्हर अजून एकमेकांना जुळतायत का.

आणि हे घरच्या घरी कळतं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करायचा (बॅलन्सचा स्लायडर मधोमध आहे ना ते आधी बघा, तो चुकून सरकलेला असतो) आणि एखादा एकट्या गळ्याचा आवाज लावायचा. आवाज बरोब्बर कपाळाच्या मध्ये यायला हवा. डावीकडे झुकतोय वाटलं तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव बाजू बदलून उजवीकडे गेला तर दोष हेडफोनात किंवा ॲम्प (आवाज वाढवणारा डबा) नि केबलमध्ये, आणि डावीकडेच राहिला तर दोष तुमच्या कानात. मग केबलच्या दोन पिना आपापसात बदला. तोच कप मंद राहिला तर ड्रायव्हर, दुसरा मंद झाला तर केबल किंवा ॲम्प. पाच मिनिटांचं काम आहे. विकणाऱ्याने हे करून जाहिरातीत दोन ओळी लिहिल्या नाहीत तर मी एक ड्रायव्हर संशयित आहे असं धरूनच किंमत लावणार.

जुनंसोनं

सपशेल असहमत. बरीच वर्षं घेतोय आणि विकतोय, म्हणून बोलतो.

बाहेरचं रूप म्हणजे साक्षीदार आहे. ज्या माणसाने बँडवर चरा पडू दिला नाही, केबलला पीळ पडू दिला नाही, त्याने तो फुल व्हॉल्युमला ठोकून टेबलावरून खाली पाडला असेल ही शक्यता किती? उलट ज्याचा प्लग वाकलाय, जाळी चेपलीय, त्याने कितीही "साउंड परफेक्ट" लिहिलं तरी मी चार हात लांब राहतो. ड्रायव्हर फोटोत दिसत नाही हे मान्य, पण माणूस दिसतो.

दुसरं म्हणजे तुम्ही पण कधीतरी विकणार ना? तेव्हा समोरचा पहिल्यांदा रंगच बघणार. एचडी ८०० चा चंदेरी रंग टवके उडण्यासाठी प्रसिद्ध आहे, टवके उडालेला आणि न उडालेला एकाच भावात कोणी घेत नाही, आवाज सारखा असला तरी. बाजार असा चालतो.

आणि या चाचण्या करणार कोण? विकणारा बहुतेक वेळा साधा माणूस असतो, घरात बाळ आलंय, ऐकायला वेळ नाही, म्हणून काढतोय. त्याला पिना अदलाबदल करायला सांगितली तर तो पुढच्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळा होईल.

कोकणी_कान

मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे माझा प्रश्न तुम्हा दोघांपेक्षा वेगळा असतो. हेडफोन राहिला कुठे?

"घेतल्यापासून चार वेळा वापरला, कपाटात होता" या वाक्याला लोक भाव देतात आणि मला तेच वाक्य घाबरवतं. पॅडचं खोटं लेदर म्हणजे पॉलियुरेथेन, ते हवेतल्या ओलाव्याने आतूनच सुटत जातं, वापरा नाहीतर वापरू नका. आमच्याकडे बंद बॉक्समध्ये दोन-तीन पावसाळे काढलेला हेडफोन बाहेरून झगमगीत असतो, पॅडवर बोट फिरवलं की काळे पापुद्रे हाताला लागतात. आतला फोम चिकट होतो, दाबला की परत वर येत नाही, आणि अगदी जुना असेल तर त्याचा भुगा ड्रायव्हरच्या जाळीवर बसतो. कापडावर बुरशीचे ठिपके येतात ते वेगळेच. रोज वापरलेला, पंख्याखाली स्टँडवर लटकणारा हेडफोन मी डोळे झाकून घेईन, त्याला चार ओरखडे असले तरी.

६५० चे पॅड मखमली, ते सोलत नाहीत, पण बसतात. हे फोटोत कळतं बरं का, फक्त फोटो बाजूने मागायचा. पॅड नवा असताना गुबगुबीत उभा असतो, जुना झाला की भाकरीसारखा चपटा.

तानपुरा_ऑन

कोकणी_कान यांना पूर्ण अनुमोदन. पॅडवरून आठवलं, "नवीन पॅड टाकून दिलेत" हे जाहिरातीत गुण म्हणून लिहितात, मला तो गुण वाटतच नाही. कुठल्या कंपनीचे? मूळ की बाहेरचे? पॅडची जाडी, आतला फोम, कापड, यातलं काहीही बदललं की कान आणि ड्रायव्हरमधलं अंतर बदलतं आणि आवाज बदलतो, ६५० मध्ये तर चांगलाच. लोक बसलेल्या पॅडवर वर्षभर ऐकतात आणि म्हणतात ड्रायव्हर "मोकळा झाला". ड्रायव्हरचं फारसं काही झालेलं नसतं, कान ड्रायव्हरच्या जवळ गेलेला असतो. म्हणून मी जुने मूळ पॅड पण सोबत मागते, कितीही मळके असोत. त्यावरून वापर किती झालाय ते कळतं.

एक गोष्ट आपल्याकडे कोणी करत नाही ती सांगते. पॅड काढून आतलं बघा. ६५० ला पॅड कडेने धरून ओढला की टक्‌ टक्‌ करत सुटतो, आत काळ्या फोमची पातळ चकती असते, ती उचलली की ड्रायव्हर. तिथे केस, पावडर, कोंडा काहीही सापडतं. एखादा केस ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याला टेकला की खालच्या सुरांना खर्रर्र अशी घरघर येते, बायरडायनॅमिकच्या डीटी मालिकेत तर हे नेहमीचंच. लोक ड्रायव्हर गेला समजून निम्म्या किमतीत काढतात आणि चिमट्याने एक केस काढला की हेडफोन ठणठणीत. म्हणजे घरघर ऐकू आली म्हणून लगेच पळू नका, आधी पॅड उघडा.

आणि मधोमध आवाजाची चाचणी करायची तर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या उत्तम, मूळ रेकॉर्डिंगच मोनो आहे. फक्त काही सीड्यांवर नंतर एको मारून खोटा स्टिरिओ केलेला असतो, म्हणून फोनचं मोनो बटण चालूच ठेवा. मी नुसता तानपुरा लावते. सलग आवाज असल्याने जरासा झुकाव पण लगेच कळतो, गाण्यात तो लपतो.

प्लॅनरवाला

हे सगळं डायनॅमिकसाठी (६५० सारखे, पडद्याला कॉइल असलेले) ठीक, प्लॅनर (सपाट पडद्यावरच धातूच्या पट्ट्या असलेले) घेणाऱ्यांनी यावर विसंबून राहू नये. पहिलं म्हणजे ऑडीझी कंपनीच्या हेडफोनसारखे कोन असलेले जाड पॅड उलटे घातले की बसतच नाहीत, हवा निसटते, खालचा आवाज पडतो आणि तुम्हाला वाटतं ड्रायव्हर जुळत नाही. तिथे उलटं घालायच्या भानगडीत न पडता पिनाच बदलायच्या.

दुसरं, प्लॅनरचा पडदा अतिशय पातळ आणि त्यावर धातूच्या बारीक पट्ट्या. बंद कपाचे घट्ट पॅड झटकन दाबले, किंवा हेडफोन टेबलावर पॅडच्या बाजूने आपटून ठेवला, की आतली हवा पडद्याला ढकलते. कोणी असं केलंय का हे ना चऱ्यावरून कळतं ना मल्टिमीटरवरून (तारेचा रोध मोजायचं यंत्र). पट्टी तुटलेली नाही एवढंच मीटर सांगतो. आज बरोबर वाजलेला नग दोन महिन्यांनी एका बाजूने जाऊ शकतो. त्यामुळे माझ्या दृष्टीने प्लॅनरमध्ये कंडिशन म्हणजे उरलेली वॉरंटी आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते की नाही हे कंपनीकडून लेखी विचारून घेणं. बऱ्याच कंपन्या फक्त पहिल्या मालकालाच देतात. बिल आहे म्हणजे वॉरंटी आहे असं नाही.

कानसेन_पुणे

प्लॅनरचा मुद्दा बरोबर आहे, मी ६५० डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं.

@जुनंसोनं, साक्षीदाराचं तुमचं म्हणणं पटत नाही. नीटनेटका माणूस पण रोज सहा तास मोठ्या आवाजात ऐकतो. नीटनेटका माणूस पण ६५० डोक्याला आवळतो म्हणून बँड ताणून पुस्तकांच्या गठ्ठ्यावर आठवडाभर ठेवतो, चरा एकही नाही आणि पकड गेलेली. मग पॅड कानाभोवती टेकत नाही आणि आवाज पातळ होतो. हे कुठल्या फोटोत दिसलं? बँड हलका फाकवून प्लास्टिकला केसाएवढी चीर दिसते का ते बघावं लागतं, तसा फोटो आजवर मला कोणी आपणहून पाठवलेला नाही.

आणि साध्या माणसाला जमणार नाही म्हणता, तर मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. प्लगच्या टोकापासून मुळापर्यंत डावा, मधल्या कड्यापासून मुळापर्यंत उजवा. ६५० असेल तर दोन्ही आकडे ३०० ओहमच्या आसपास आणि एकमेकांना धरून हवेत. फोटो काढून टाका, झालं.

जुनंसोनं

आकडे जुळले म्हणून काय झालं? कॉइल घासत असेल, पडद्याला चेप असेल, मीटर ३००च दाखवणार. तुम्हीच वर म्हणालात ड्रायव्हर जुळणं महत्त्वाचं, मग मीटर ते सांगत नाही हेही लिहा. आणि व्हिडिओ मागणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार, फोनच्या माइकने हेडफोनचा स्वीप (खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत चढत जाणारा आवाज) रेकॉर्ड करायचा, माइक मिलीमीटरभर सरकला तरी आवाज वेगळा येतो. मनात आणलं तर एकच कप दोनदा दाखवता येतो. फसवणाऱ्याला तुमच्या चाचण्या तुमच्याइतक्याच पाठ असतात.

शेवटी मी माणूस बघतो. आधी कुणाकुणाला विकलंय, लोक काय म्हणतात, फोनवर नीट बोलतो का. त्यावर आजवर व्यवहार केलेत.

एक मान्य करतो, पकडीचं. तो फोटो मी पण मागत नव्हतो, यापुढे मागेन.

तानपुरा_ऑन

तुम्ही दोघं दोन वेगळ्या व्यवहारांबद्दल बोलताय. समोरासमोर भेट असेल तर कानसेन म्हणतात तसं ऐकून, पॅड उघडून घ्या, स्वतःचा डॅक-ॲम्प (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून तो हेडफोनला वाढवून देणारा डबा) घेऊन जा. समोरच्याच्या ॲम्पचा नॉब जुना असेल तर कमी व्हॉल्युमला एक बाजू मंद येते आणि दोष हेडफोनच्या माथी बसतो. नॉब थोडा वर नेऊन परत ऐकलं की फरक कळतो. कुरियरने असेल तर खरी भांडणाची जागा ही की झुकाव घरी आल्यावर सापडला तर काय. पार्सल फोडताना व्हिडिओ काढायची पद्धत आहे, पण त्याने तुटफूट सिद्ध होते, जुळणी नाही.

कानसेन_पुणे

म्हणूनच माझा आग्रह आहे की कुरियरच्या व्यवहारात तीन दिवस ऐकायला मिळावेत आणि झुकाव निघाला तर परत, कुरियरचा खर्च घेणाऱ्याचा. पुण्यातच एकाने मला "मिंट" म्हणून दिलेल्या हेडफोनचा उजवा कप मंद निघाला आणि उत्तर आलं, "माझ्याकडे बरोबर होता". यावर तुम्ही काय करणार? जो दोन ओळी लिहून देतो त्याला मी हजार-दोन हजार जास्त द्यायला तयार आहे.

जुनंसोनं

तीन दिवसांत तुम्ही तुमचा खराब नग माझ्या चांगल्याशी बदलून परत पाठवलात तर? या मालिकेत कॅप्सूल हाताने सुटतं, हे तुम्हीच सुरुवातीला लिहिलंय. कपावरचा नंबर तोच राहील, आतला ड्रायव्हर दुसरा. ही भीती विकणाऱ्याला पण असते आणि ती खोटी नाही.

पुढच्या जाहिरातीत मी एवढं लिहीन: पॅड मूळ की बदललेले, हेडफोन कुठल्या गावात कसा ठेवला, बँड फाकवलेला फोटो, मोनोवर आवाज मध्ये येतो की नाही. आकडा काढून टाकतो. परतीची अट लिहिणार नाही, ज्याला ऐकून घ्यायचंय त्याने ठाण्याला यावं, चहा माझ्याकडून.