रिस्पेरिडोन पाच महिने सुरू आहे, कमी कसं करायचं?

प्रश्न: रात्रपाळी

रुग्णाचं वय ८१, अल्झायमर, मधली अवस्था. अंघोळ घालताना मारणं-चावणं सुरू झालं म्हणून रिस्पेरिडोन (अँटिसायकोटिक, म्हणजे भास-आक्रमकतेवरचं औषध) ०.५ मिग्रॅ सकाळी आणि रात्री दिलं जातंय. सोबत ताठरपणासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिग्रॅ. मारणं जवळपास थांबलं, पण दिवसभर पेंग, पाय घासत चालणं, महिन्यात दोनदा पडणं. डॉक्टर डोस उतरवायला तयार आहेत. टप्पे कसे ठेवतात आणि एकदम बंद केलं तर काय होतं?

उत्तर: वार्धक्यमानस

एकदम बंद नको. झोप उडते, मळमळ होते, अस्वस्थता वाढते आणि सगळे म्हणतात, ‘बघा, गोळी लागतेच!’ ती आजाराची उसळी असेलच असं नाही.

साधारण दर दोन आठवड्यांनी २५ ते ५० टक्के उतरवतात. पेंग दिवसा आहे, म्हणून सकाळच्या डोसपासून सुरुवात: सकाळी ०.२५ व रात्री ०.५, मग दोन्ही वेळा ०.२५, मग फक्त रात्री ०.२५, मग बंद. म्हणजे सहा आठवडे. बंद झाल्यावरही किमान चार महिने, महिन्यातून एकदा तरी तपासणी हवी.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची २०१६ची मार्गदर्शक सूचना सांगते की गुण आला तरी चार महिन्यांच्या आत उतरवून पाहावं, आणि पुरेशा डोसवर चार आठवड्यांत गुण नाही आला तर थांबवावं. इथे उशीरच झालाय. घाई कशासाठी, तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिलेला इशारा: सुमारे १० आठवड्यांच्या चाचण्यांत अशी औषधं घेणाऱ्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांमध्ये मृत्यू ४.५ टक्के, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत २.६.

आधी तीव्र भास होते का, विशेषतः कुणी नसताना आवाज ऐकू येणं? तसं असेल तर लक्षणं परतण्याची शक्यता जास्त. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर जुना असेल तर हे टप्पे लागू नाहीत.

उत्तर: औषधपेटी

ट्रायहेक्सीफेनिडिलकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. रिस्पेरिडोनने अंग ताठतं म्हणून ते देतात, पण ते स्वतःच स्मरणशक्ती आणखी मंद करतं, शौच अडवतं, लघवी तुंबवतं. पोट तुंबलेला माणूस अंगाला हात लावू देत नाही, मग त्याला आक्रमक ठरवतात. डोनेपेझिल (स्मरणशक्तीसाठीची अल्झायमरची गोळी) सुरू असेल तर हे बरोबर त्याच्या उलट काम करतं.

दोन्ही एकाच दिवशी कमी करू नका, काय कशामुळे झालं ते कळणार नाही. आधी रिस्पेरिडोन उतरू द्या, मग हे अर्ध्याने. दोन्ही मिळून एकच गोळी असेल तर ती मोडल्यावर दोन्ही औषधं कमी होतात, म्हणून वेगळ्या गोळ्या लिहून घ्या. ०.२५ साठी १ मिग्रॅ प्रति मिली असं द्रव औषधही असतं, त्याचं पाव मिली.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, अमिट्रिप्टिलिन, ऑक्सिब्युटिनिन हीही असाच त्रास देतात, ती औषधांच्या यादीत आहेत का तेही पाहा. आणि रिस्पेरिडोनच्या जागी लोराझेपाम (गुंगीची गोळी) आणू नका, पडणं आणखी वाढेल.

उत्तर: सेवाकर्मी

मारणं अंघोळीलाच होत होतं ना? मग गोळी कमी करण्याआधी अंघोळ बदला. सात दिवस नोंद ठेवा: वेळ, आधीच्या पाच मिनिटांत काय झालं, कोण होतं, कशाने शांत झालं. पुढे तुलना याच नोंदीशी करायची, एका वाईट दिवशी डोस वाढवायचा नाही.

डोक्यावरून पाणी नको, पायापासून वर. अंगावर गरम टॉवेल ठेवून एकेक भाग उघडायचा, केस वेगळ्या दिवशी. मागून हात लावू नका. खांदा-गुडघा हलवताना चेहरा आक्रसतो का, श्वास बदलतो का, पाहा. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल. रोज अंघोळ लागतेच असंही नाही.

रात्रपाळी

दोन गोष्टी राहिल्या. खोलीत लहान मुलं दिसतात असं रुग्ण औषधाच्या आधीपासून सांगतात. चालणंही तेव्हाच मंदावलं होतं.

वार्धक्यमानस

मग आधी निदान तपासा. स्पष्ट दिसणारी माणसं-मुलं, हालचालीतला ताठरपणा, दिवसादिवसाला कमीजास्त होणारी सजगता, झोपेत हातपाय झाडणं, हे लेवी बॉडी डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरहून वेगळ्या प्रकारच्या डिमेन्शियात दिसतं. त्यात रिस्पेरिडोनसारखी अँटिसायकोटिक अंगावर उलटू शकतात, त्यातलंच हॅलोपेरिडॉल तर टाळतातच. भासांसाठी रिव्हास्टिग्मिन या डिमेन्शियाच्या औषधाचा विचार होतो. डॉक्टर टप्पे लवकरही उतरवतील, आणि चार्टवर हा संशय ठळक लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रात्री कुणीतरी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देईल. तापाबरोबर अंग लाकडासारखं ताठलं आणि ग्लानी आली तर पुढचा डोस थांबवून तातडीने रुग्णालयात.