शब्दचर्चा : नावडता लेखक अचानक गेला, तर वाटतं त्याला काय म्हणायचं?

एका क्रीडा-सदरलेखकाच्या आकस्मिक मृत्यूची बातमी वाचली, तेव्हा माझ्या फोनमध्ये त्यांनाच उद्देशून लिहिलेला एक अर्धवट मजकूर पडून होता. आदल्या दिवशी आमचा संघ हरला होता, त्यावरचा त्यांचा लेख वाचून तिरीमिरीत लिहायला घेतलेला. सुरुवातच अशी : 'तुला खेळातलं कळतं तरी का?' खाली चार ओळी, आणि पाचवी मध्येच तुटलेली, कारण डोळे मिटायला लागले होते. सकाळी बातमी कळल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर 'तुला'चं 'तुम्हाला' केलं. मग लक्षात आलं, की हे आता पाठवायचं कुणाला?

त्या घटकेला जे वाटलं त्याला मराठीत नेमकं काय म्हणतात, हा माझा प्रश्न आहे. 'दुःख झालं' असं म्हटलं तर ते खरं नाही. 'काही वाटलं नाही' हे तर त्याहून खोटं. त्या दिवशी माझ्यासारखे बरेच जण असेच अडलेले दिसले. 'वाईट वाटलं, पण...' इथपर्यंत येऊन वाक्य थांबायचं.

आधी त्या लेखकासाठीचा शब्द. वर्तमानपत्रं अशा माणसाला सरसकट 'वादग्रस्त' म्हणतात. मला ते पटत नाही. पूरग्रस्त म्हणजे पुराने ज्याला गाठलं तो, कर्जग्रस्त म्हणजे कर्जाने ज्याला घेरलं तो. 'ग्रस्त' माणूस सोसणारा असतो. हे लेखक वाद सोसत नव्हते, ते वाद उभा करत होते आणि त्यात ठाम उभे राहत होते. 'वादखोर' म्हणावं, तर भांडखोर, लाचखोर, चुगलखोर यांच्या पंगतीत नेऊन बसवल्यासारखं होतं. ती शिवी झाली. 'ध्रुवीकरण करणारा' राजकारणाच्या बातम्यांत शोभतं, खेळाच्या पानावर ते फार जड होतं. मला त्यातल्या त्यात 'दुफळी माजवणारा' बरं वाटतं. आघाडीची फळी, मधली फळी हे शब्द क्रिकेटवाल्यांच्या तोंडी रोजचेच. एकाच मजकुरावरून वाचकांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या करणं हेच तर ते करायचे. पण 'माजवणारा'त दोष येतो, तो काढता आला तर हवा आहे.

प्रतिसाद

तुम्हाला हवा तो शब्द 'हळहळ' आहे. शोक आपल्या माणसाचा असतो, हळहळ दूरच्या माणसाची. तरुण खेळाडूची कारकीर्द दुखापतीने संपली की आपण हळहळतो. एका धावेने सामना गेला तरी हळहळतो. त्यात नातं नसतं, पण 'असं व्हायला नको होतं' हे मनापासून असतं. शिवाय हळहळ चारचौघांत व्यक्त होते, एकट्याने कोणी हळहळत बसत नाही. अचानक मृत्यूच्या बातमीवर पहिल्या तासाभरात लोक जे बोलतात ते नव्वद टक्के हेच.

प्रतिसाद

'दुफळी माजवणारा'ऐवजी 'दोन तट पाडणारा' म्हणा. तट पडतात, त्यात कोणी माजवल्याचा आरोप होत नाही. आणि 'चाहते' हा शब्द इथे वापरू नये असं मला वाटतं. चाहता आवडीने येतो, आवड सरली की जातो. संघाच्या मागे उभ्या राहणाऱ्यासाठी आपल्याकडे 'पाठीराखा' आहे. पाठ राखणारा! त्या लेखकावर लोक इतके का चिडायचे ते या शब्दातच आहे. आपण ज्याची पाठ राखायची, त्याच्यावर हा रोज समोरून वार करतो.

धागाकर्ता

'पाठीराखा' आणि 'तट' दोन्ही एकदम मान्य. हळहळीबद्दल मात्र अडतं. हळहळ निष्पाप असते. जो हळहळतो त्याचं त्या माणसाशी भांडण नसतं. माझं होतं.

'पाठीराखा'वरून एक उदाहरण द्यावंसं वाटतं. अमेरिकेत 'डेट्रॉइट फ्री प्रेस'मध्ये ड्रू शार्प नावाचे स्तंभलेखक होते. तीन दशकांहून जास्त काळ त्याच वर्तमानपत्रात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ५६व्या वर्षी ते अचानक गेले. शहरातल्या संघांबद्दल चांगलं होईल अशी अपेक्षाच ठेवायची नाही, असा त्यांच्या लिखाणाचा सूर. ज्या शहराच्या लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने २००८च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरून दाखवले, तिथे असा लेखक घडणं समजू शकतं. पण वाचकांना ते झोंबायचं. ते स्वतः मिशिगन विद्यापीठात शिकलेले, आणि त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कितीतरी पाठीराखे त्यांच्यावर वर्षानुवर्षं खार खाऊन होते. अशा लिखाणाला मराठीत दोन शब्द आहेत, आणि दोन्ही 'घर'पासून सुरू होतात : 'घरचा आहेर' आणि 'घरभेदी'. बोचरं बोलणारा आपलाच आहे हे मानलं तर तो घरचा आहेर. फितूर झाला असं मानलं तर घरभेदी. मजकूर तोच, वाचणारा कुठल्या तटावर उभा आहे त्यावर शब्द ठरतो. आणि माझ्या अनुभवात, माणूस गेला की घरभेदी म्हणणारेही त्याच संध्याकाळी 'शेवटी आपलाच होता' म्हणायला लागतात.

प्रतिसाद

मला वेगळीच अडचण आहे. अशा वेळी सगळे 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितात. काल ज्याला नाही नाही ते बोललो, त्याच्यावर आज श्रद्धा कुठून आली? 'श्रत्' अधिक 'धा', म्हणजे विश्वास ठेवणं, मन ठेवणं. जिथे तेच नव्हतं तिथे निदान 'आदरांजली' तरी म्हणावं. कामाबद्दल आदर असू शकतो, श्रद्धा नसते.

प्रतिसाद

शब्दाची फोड बरोबर, पण वापर फोडीने ठरत नाही. 'श्राद्ध'ही श्रद्धेपासूनच आला आहे, म्हणून श्राद्ध करणारा प्रत्येक मुलगा बापावर श्रद्धा ठेवून असतो असं कोणी धरत नाही. श्रद्धांजलीतली श्रद्धा आता मेलेल्या माणसावरची उरलेली नाही. ती मृत्यूसमोरची आहे. ओंजळ जोडली, इतकंच.

उलट 'आदरांजली'त मला जास्त खोटेपणाचा धोका दिसतो. तिथे आदर आहे असं तुम्ही निवडून सांगताय.

प्रतिसाद

तुम्ही 'तुला'चं 'तुम्हाला' केलंत, तो खरा मुद्दा आहे असं मला वाटतं, शब्दापेक्षा मोठा. मराठीत मेलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी देतो ते आदरार्थी बहुवचन. जिवंतपणी 'तो काय लिहितो', 'त्याला काढून टाका', आणि बातमी येताच 'ते गेले', 'त्यांचं लेखन'. क्रियापदही बदलतं. 'मेला' कोणी म्हणत नाही. गेले, वारले, निवर्तले, निधन झालं, एवढे शब्द आपण मांडून ठेवले आहेत ते 'मेला' टाळण्यासाठीच. आणि गंमत म्हणजे 'मेला' आणि 'मेल्या' हे आपण म्हणतो ते जिवंत माणसाला, रागाने किंवा लाडाने. 'मेल्याने आज पुन्हा आमच्या कप्तानावर लिहिलंय' असं माझी आजी एका सदराबद्दल नेहमी म्हणायची, आणि तेच पान आधी उघडायची. तो लेखक गेल्याचं कळलं त्या दिवशी ती म्हणाली, 'गेले हो बिचारे.' मेल्याचे 'बिचारे' झाले, ते एका दिवसात.

प्रतिसाद

'मरणान्तानि वैराणि' हे वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातलं वचन कोणी अजून कसं आणलं नाही! रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो, वैर मरणापर्यंतच, आता याचे संस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. आपल्याला एवढा जुना, एवढा उदार दाखला असताना नवा शब्द कशाला शोधायचा? राग संपला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

धागाकर्ता

वचन मनात होतंच. पण ते नीट वाचलं तर राम रावणाची स्तुती करायला सांगत नाही, अंत्यसंस्कार करायला सांगतो. आपण त्याचा वापर 'आता त्यांच्याविषयी फक्त चांगलंच बोला' अशा अर्थी करतो. हे दोन वेगळे हुकूम आहेत. वैर संपलं म्हणून मत संपत नाही. गेल्यावर अवाजवी गोडवे गायचे त्याला आपल्याकडे सरळ म्हण आहे, 'मेल्या म्हशीला मणभर दूध'. कडवट म्हण आहे, पण ती उगाच पडलेली नाही.

हा फरक मला पीटर रोबक यांच्या बाबतीत फार जाणवला होता. आधी इंग्लंडमध्ये क्रिकेट खेळलेले, नंतर त्यावर लिहिणारे स्तंभलेखक. जानेवारी २००८ची सिडनी कसोटी आठवत असेल. भारत १२२ धावांनी हरला, पंचांचे निर्णय, सायमंड्सला वर्णद्वेषी बोलल्याचा हरभजनवरचा आरोप. रोबक यांनी 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'मध्ये लिहिलं, की ऑस्ट्रेलियाच्या पाँटिंगला कप्तानपदावरून काढून टाका. ऑस्ट्रेलियाने नुकताच लागोपाठ सोळावा कसोटी विजय मिळवला होता आणि तिथल्याच वर्तमानपत्रात हे छापून आलं! वाचकांच्या पत्रांचा पूर आला, काही टाळ्यांचे, काही शिव्यांचे. आपल्याकडे मात्र ते रातोरात 'आपले' झाले. मीही तो लेख कितीजणांना वाचून दाखवला होता. इंग्लंडमधल्या सॉमरसेट या काउंटी क्लबच्या लोकांना हे नवं नव्हतं. १९८६मध्ये रोबक कप्तान असताना क्लबने व्हिव्ह रिचर्ड्स आणि जोएल गार्नर यांचे करार वाढवले नाहीत, बोथम रागाने क्लब सोडून गेले, आणि पाठीराख्यांचे जे तट पडले ते पुढे कितीतरी वर्षं तसेच राहिले.

१२ नोव्हेंबर २०११ला रोबक केपटाऊनमध्ये गेले. एका तरुणाने त्यांच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती आणि पोलीस त्या चौकशीसाठी आलेले असतानाच ते घडलं. त्या दिवशी मला 'श्रद्धांजली' लिहवेना, आणि 'बरं झालं' तर मनातही येईना. तक्रार करणारा माणूसही कुठेतरी ते सगळं वाचत असेल, हे विसरता येत नव्हतं. तेव्हा मला 'मृत्युलेख' या शब्दाची किंमत कळली. श्रद्धांजलीत हात जोडलेले असतात, मृत्युलेखात पेन असतं. तिथे सिडनीचा लेखही मांडता येतो, सॉमरसेटही मांडता येतं आणि तक्रारही. आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो ते थांबवायला हवं, इतकं मी आग्रहाने म्हणेन.

प्रतिसाद

हे पटलं. मूळ प्रश्नाकडे येते. हळहळ तुम्हाला नको, तर उरलेले शब्द पाहू. 'हुरहूर' पुढे बघते, आवडता खेळाडू शेवटचा सामना खेळणार असला की आदल्या दिवशी वाटते ती. 'खंत' विचार करून, सांगण्यासारखी झालेली असते. 'मनाला चटका' वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गार केला आहे. राहिल्या 'रुखरुख' आणि 'चुटपुट'. माझं मत चुटपुटीला. रुखरुख बराच काळ टिकते आणि तिच्यात काहीतरी मोठं हुकलेलं असतं, नव्व्याण्णववर बाद झाल्याची असते ती. चुटपुट लहान गोष्टीची : निरोप घ्यायचा राहिला, आभार मानायचे राहिले, वाक्य पुरं करायचं राहिलं. तुमची पाचवी ओळ.

प्रतिसाद

बघा, हे सगळे जोडशब्द आहेत. हळहळ, रुखरुख, हुरहूर, चुटपुट, तगमग, घालमेल. बहुतेक भावना एकदा येऊन थांबत नाहीत म्हणून शब्दही दोनदा म्हणावे लागत असतील का?

धागाकर्ता

जोडशब्दांचं निरीक्षण आवडलं.

चुटपुट त्या सकाळपुरती तंतोतंत बसते, आणि मी इतका वेळ ती शोधत होतो याचंच आता नवल वाटतंय. भांडण अपुरं राहिल्याची चुटपुट. त्यांनी उत्तर दिलं असतं तर आमचं जमलं असतं असं नाही, बहुधा आणखी वाजलं असतं. पण समोरून उत्तर यायची सोय होती, ती गेली.

नंतरच्या दिवसांसाठी मात्र मला दुसरा शब्दप्रयोग सापडलाय, वरच्या आजीच्या गोष्टीमुळे. आमचा संघ पुढचा सामना जिंकला. चांगला जिंकला. सकाळी सवयीने त्यांच्या सदराच्या जागी गेलो. आता याला काय बोलायचंय ते बघूच, अशा तयारीने. तिथे दुसऱ्याच कोणाचा लेख होता. समतोल, नेटका, दोन्ही बाजू मांडणारा. मी तो अर्ध्यात सोडला. दिवसभर ते होतं आणि रात्री कुठे नाव सुचलं : चुकल्याचुकल्यासारखं. आवडतं माणूस दूर गेलं की आपण हे म्हणतो. नावडत्यासाठी म्हणता येतं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे. या शब्दाला आवड लागत नाही, फक्त रोजची जागा लागते.

तो अर्धवट मजकूर अजून तसाच आहे. 'तुम्हाला'सकट.